स्क्रोल सॉ आणि घरचं लाकूडकाम: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातले लाकूडकामाची हौस असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांत उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर लेथवर उभे राहणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, शाळेतली मुलं आहेत, दुपारी घरातलं आवरून दोन तास काढणाऱ्या ताई आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई केली की लाकूड आणि पैसा दोन्ही वाया जातात.

स्क्रोल सॉ म्हणजे नेमकं काय? जिगसॉ आणि हा एकच का?

एकच नाही. जिगसॉ हातात धरून लाकडावर फिरवतात. त्याचं पातं जाड असतं आणि एकाच टोकाला धरलेलं असतं. फर्निचरवाले ओट्याच्या फळीत सिंकसाठी भोक पाडतात ते त्यानेच. स्क्रोल सॉ जागेवर राहतो आणि लाकूड आपण फिरवायचं असतं. बारीक पातं वरून आणि खालून ताणून धरलेलं असतं आणि मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा वरखाली होतं. पातं जेमतेम मिलिमीटरभर रुंद असल्याने जागच्या जागी वळता येतं.

मोठी सोय अशी की पात्याचं एक टोक सोडवून ते लाकडातल्या छोट्या भोकातून ओवता येतं आणि परत ताणता येतं. त्यामुळे बाहेरची कड न तोडता आतला आकार कापून काढता येतो. जाळीकाम, नावाच्या पाट्या, देवघराची कमान, सगळं यावर उभं आहे.

मशीन घ्यायच्या आधी हातानं शिकता येतंय काय?

येतं, आणि मी तर सांगेन की आधी हातानंच शिका. फ्रेट सॉ नावाची यू आकाराची लोखंडी चौकट मिळते, त्यात पाच इंची पातं ताणून बसवायचं. एका फळीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून ती टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायची आणि त्या खाचेवर लाकूड ठेवून कापायचं. दात खालच्या बाजूला हवेत, म्हणजे हात खाली ओढताना पातं कापतं. टेबलाजवळ बुटक्या स्टुलावर बसलात की काम छातीच्या उंचीला येतं आणि रेघ नीट दिसते.

चार मिलिमीटर प्लायवर पंधरवडाभर हात बसवलात तर मशीनवर बसल्यावर शिकायचं फार थोडं उरतं. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत याच लांबीची पाती डझनावर मिळतात. ती धातूसाठी असल्याने दात फार बारीक असतात, लाकडात भुसा अडकून सावकाश कापतात. पितळी पत्र्याची नक्षी कापायची असेल तेव्हा मात्र तीच घ्या.

मशीन घेताना काय बघायचं?

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही: बिनपिनेची पाती लागतात का ते आधी विचारा. स्वस्त मशीनमध्ये फक्त पिनवाली पाती बसतात, म्हणजे पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते. ती पिन ओवायला पाच-सहा मिलिमीटरचं भोक लागतं. नाजूक जाळीत किंवा अक्षराच्या पोटात एवढं भोक पाडलं की आकारच खाऊन टाकतं. सपाट टोकाचं बारीक पातं मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. काही पिनवाल्या मशीनना वेगळा क्लॅम्प लावून सपाट पाती बसवता येतात, ते दुकानातच करून बघायला सांगा.

दुसरं, वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. तिसरं, पातं धरणारा मशीनचा वरचा हात (आर्म) पकडून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड हलत असेल तर कापही तसाच येणार. सोळा इंची मशीन म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत सोळा इंच जागा. घरगुती कामाला ती भरपूर होते.

जुन्या पायाच्या शिलाई मशीनचा सांगाडा घेऊन स्क्रोल सॉ बनवणारे हुशार लोक आपल्याकडे आहेत. पातळ प्लायसाठी ते चालतं. अडचण ताणाची. स्प्रिंगने पातं वर खेचलं जात असेल तर प्रत्येक फेरीत ताण कमी-जास्त होतो आणि पाती लवकर तुटतात. मशीनचे वरचा-खालचा दोन्ही हात एकत्र वरखाली होतील अशी रचना जमली तरच पुढे जा.

पातं कोणतं लावायचं? दुकानदार नंबर विचारतो, काय सांगू?

या छंदात सगळ्यात जास्त फरक पात्याने पडतो. साध्या मशीनवर चांगलं पातं लावलं तर काम सुरेख येतं, भारी मशीनवर भिकार पातं लावलं तर नाही येत. खर्च करायचाच असेल तर पात्यांवर करा.

नंबर वाढेल तसं पातं रुंद आणि दात मोठे. व्हिनियर (लाकडाचा कागदासारखा पातळ थर) किंवा दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीला १ किंवा त्याहून बारीक २/० नंबर. सहा मिलिमीटर प्लायला ३. नऊ ते बारा मिलिमीटरला ५. अठरा मिलिमीटर सागवान किंवा शिसवीला ७ किंवा ९. सुरुवातीला ३ आणि ५ एवढे दोनच डझनावर आणा. कापताना लाकडाच्या जाडीत कधीही किमान तीन दात असायला हवेत. दोनच असले तर पातं लाकडाला पकडून उचलतं आणि पातळ पट्टी फडफडते.

दातांचे प्रकारही वेगवेगळे. एक आड एक दात सोडलेलं स्किप टूथ पातं भुसा बाहेर फेकतं आणि कमी तापतं. रिव्हर्स टूथ पात्यात खालचे काही दात उलटे, वर तोंड केलेले असतात. ते वर येताना प्लायचा खालचा थर साफ कापतात, मग खालून कुसळं निघत नाहीत. हे पातं बसवताना मशीनचा हात सर्वांत वर असताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर येतात ना ते बघा. नाही आले तर त्यांचा उपयोग शून्य, जास्त आले तर ते लाकूड उचलतात. पीळ दिलेलं स्पायरल पातं सगळीकडून कापतं. लाकूड न फिरवता नक्षी काढता येते म्हणून नवखे त्याच्याकडे ओढले जातात. कड खरबरीत येते आणि रेघेवर ताबा राहत नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

दात कुठल्या दिशेला आहेत हे डोळ्याला दिसत नसेल तर मशीन बंद असताना पात्यावरून बोट हलकेच खालून वर न्या. बोटाला टोचलं तर दात खाली आहेत, म्हणजे पातं बरोबर बसलंय.

पातं सारखं तुटतंय. पातीच खराब आहेत काय?

क्वचित. बहुतेक वेळा तीन कारणं असतात: ताण कमी, लाकूड ढकलणं, किंवा बोथट पातं ओढत राहणं. ताण बघायचा तर पातं बोटाने छेडा. एकतारीची तार छेडल्यासारखा स्वच्छ, उंच आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर अजून ताणा.

प्लायमधला गोंद दात फार लवकर मारतो. प्लायवर वीस-तीस मिनिटं काम झालं की पातं बदलायच्या लायकीचं होतं. लाकूड पुढे सरकवायला जोर लावावा लागतोय असं वाटलं त्याच क्षणी ते बदला. पातं वाचवायला गेलात तर बारा तासांच्या जाळीची शेवटची काडी मोडते, हे ध्यानात ठेवा.

सरळ ढकललं तरी कापताना रेघ सोडून जातंय. हात वाकडा आहे काय?

हात बरोबर आहे. पट्टीतून ठोकून काढलेल्या पात्याच्या एका कडेला बारीक कुसळ राहतं आणि ती बाजू थोडी जास्त कापते. म्हणून जवळजवळ प्रत्येक पातं एका बाजूला ओढतं. लाकूड तीन-चार अंश तिरकं धरून सरळ रेघ कापायची सवय करून घ्या, आठवड्याभरात ती अंगवळणी पडते. टेबल सॉवर काम केलेल्या सुतारांना हे जास्त जड जातं, कारण त्यांचा हात समोर सरळ ढकलायला शिकलेला असतो.

कड तिरकी येत असेल तर मशीनचं टेबल पात्याशी काटकोनात नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. जाड ठोकळ्याच्या कडेला पात्याने बारीकशी खाच घ्या, मशीन बंद करा, ठोकळा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूने पात्यावर सरकवा. पातं अलगद खाचेत बसलं तर टेबल काटकोनात आहे.

आपल्या भागातलं कुठलं लाकूड यासाठी चांगलं?

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पश्चिमेला खानापूर-जांबोटीचं आणि पलीकडे दांडेली-हलियाळचं रान, पूर्वेला अथणी-रायबागची बाभूळ आणि कडुनिंबाची उघडी माळरानं. दोन तासांच्या प्रवासात लाकडाची जात बदलते.

मला विचाराल तर पहिली पसंती शिवण. वजनाला हलकी, रंगाने फिकट, सुकल्यावर फारशी वाकत नाही, पात्याला त्रास देत नाही. खेळणी आणि पाट्या दोन्हीला उत्तम. काळा कुडा मिळाला तर सोडू नका. पांढरं, घट्ट, रेषा जवळपास न दिसणारं लाकूड. चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच झाडाच्या लाकडावर होतात, तिकडे त्याला हाले म्हणतात.

फणस कापला की आतून पिवळाधमक निघतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो. सूर्य, दिवा, झेंडूचं फूल असं काही करायचं असेल तर रंग न लावता फणस वापरा, पण काही वर्षांनी तो गडद होणार हे घेणाऱ्याला सांगून ठेवा. आंबा स्वस्त आणि सहज मिळतो. त्याच्या कडांना बारीक लव उठते आणि कच्चा वापरला तर भुंगा लागतो. पांगारा इतका मऊ की नखाने खूण उठते. मुलांच्या सरावाला ठीक आहे.

सागवान सगळ्यांना हवं असतं. दिसतंही राजस. पण त्यात नैसर्गिक सिलिका असते, ती पाती झपाट्याने मारते. तेलकटपणामुळे डिंकही नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी जोडाची जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. शिसवीचा काळपट जांभळा रंग जडावाच्या कामाला अप्रतिम, कापायला मात्र संयम लागतो. मैसूरचे कारागीर शिसवीच्या फळीत रंगीत लाकडांचे तुकडे बसवून चित्रं करतात ते कधी जवळून बघा. प्रत्येक तुकडा वेगळा कापलेला असतो आणि सांध्यात नख जात नाही.

लाकूड विकत आणायची घाई करू नका. फर्निचर करणाऱ्या सुतारमामांकडे हातभर लांबीचे तुकडे रोज पडतात. त्यांच्या दृष्टीने ते जळण, आपल्या दृष्टीने महिन्याभराचं काम. चहा पाजून, नीट विचारून न्या. जुन्या घराची चौकट, मोडकी फडताळं, पाटाच्या फळ्या यातलं लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. आत राहिलेला खिळा तेवढा आधी लोहचुंबकाने शोधून काढा.

शेतातलं झाड तोडून लाकूड वापरलं तर चालतंय काय?

सागवान, शिसव, चंदन यांच्यासाठी आधी वनखात्याची परवानगी लागते, झाड आपल्याच बांधावर असलं तरी. वाहतुकीलाही पास लागतो. चंदनाच्या बाबतीत तर हौसेखातर एक फांदीही उचलू नका. वखारीतून घेतलं तर बिल घ्या आणि जपून ठेवा.

मराठी नावाची पाटी कापायची आहे. कुठून सुरू करू?

देवनागरी या करवतीसाठीच घडली आहे असं मला नेहमी वाटतं. शिरोरेखेमुळे सगळं नाव एका तुकड्यात निघतं. रोमन अक्षरं सुटी पडतात, ती एकेक चिकटवत बसावं लागतं. आपल्या अक्षरांना डोक्यावरची आडवी पट्टी धरून ठेवते.

त्यातही अडचणीच्या जागा आहेत. पहिली अनुस्वाराची. ‘पांडुरंग’ कापलात तर दोन टिंबं हवेत उरतात. मागे पातळ फळी लावून त्यावर ती चिकटवायची, किंवा टिंब थोडं खाली आणून शिरोरेखेला टेकवायचं. मला पहिला मार्ग पसंत आहे, टेकवलेलं टिंब वाचताना खटकतं. दुसरी अडचण वेलांटीची. तिची कमान एकाच ठिकाणी दांड्याला जोडलेली असते आणि घासकागद फिरवताना तिथेच मोडते. नक्षी काढतानाच तो जोड जाड ठेवा आणि शक्य असेल तर कमानीचं दुसरं टोक शिरोरेखेला किंचित टेकवा.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. अखंड लाकडात रेषा शिरोरेखेच्या दिशेने आडव्या ठेवल्या तर शिरोरेखा मजबूत होते, पण अक्षरांचे उभे दांडे रेषेला आडवे पडतात आणि चटकन मोडतात. उभ्या ठेवल्या तर उलटं होतं. म्हणून बारीक वळणाचं अक्षर असेल तर प्लाय घ्या. त्यातले थर आडवे-उभे एकाआड एक असतात, दोन्ही दिशांना बळ राहतं. अखंड सागवानातच हवं असेल तर अक्षर जाड ठेवा, नाहीतर मागे फळी लावा.

अक्षराच्या पोटातली भोकं आधी मोजा. ‘व’ला एक, ‘ब’च्या पोटातल्या तिरक्या रेघेमुळे दोन, ‘ळ’च्या दोन्ही गाठी बंद. प्रत्येकाला एक बारीक भोक पाडायचं, पातं ओवायचं, कापायचं, सोडायचं, पुढच्यात ओवायचं. आधी सगळी आतली भोकं आणि शेवटी बाहेरची कड. बाहेर आधी कापलंत तर धरायला काही राहत नाही. ‘ळ’ कापताना वेग कमी करा. गाठीच्या टोकाशी पुढे ढकलणं थांबवून लाकूड पात्याभोवती जागेवर फिरवा. तो क्षण हाताला कळायला लागला की बाकी अक्षरं सोपी जातात.

नक्षीचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आधी मास्किंग टेप, त्यावर डिंकाच्या कांडीने कागद, आणि सगळ्याच्या वर पॅकिंगची पारदर्शक टेप. या वरच्या टेपमुळे पातं कमी तापतं आणि सागवान-शिसवीच्या कडा काळ्या पडत नाहीत. काम झालं की सगळं सालीसारखं एकदम निघून येतं.

घरावर मराठी आणि कन्नड दोन्हीत नाव हवंय. कन्नड अक्षरं कशी जमवायची?

आपल्याकडे ही मागणी नेहमीची. कन्नड अक्षरं गोल आणि सुटी असतात. बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचं तलेकट्टु, म्हणजे वरची छोटी खूण, असतं, पण शेजारच्या अक्षराशी जोड नसतो. ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची व्यंजनं) तर खाली वेगळीच लटकतात. म्हणून कन्नड ओळीसाठी मागची फळी धरूनच चाला, किंवा अक्षरांखाली एक बारीक पट्टी काढून सगळी तिच्यावर उभी करा. गोल वळणं ३ नंबरच्या पात्याने फार सुंदर येतात. कापायच्या आधी कन्नड येणाऱ्या कुणाकडून ओळ तपासून घ्या, एखादा गोल राहिला तर अक्षरच बदलतं.

दुकानाची पाटी असेल तर वेगळा नियम आहे. २०२४ च्या कायदादुरुस्तीनुसार कर्नाटकात व्यापारी फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. मोजमाप करतानाच ते हिशेबात धरा. घराच्या दारावरच्या नावाला हा नियम लागत नाही.

गणपतीचं मखर प्लायमध्ये करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

आषाढ लागायच्या आत सुरू करा, श्रावणात नको. सहा मिलिमीटर प्लाय पुरतो. उजवी-डावी बाजू सारखी हवी असते, म्हणून दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने टेप गुंडाळा आणि एकदमच कापा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. जाळीतल्या काड्या पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, मखर दरवर्षी माळ्यावर चढतं आणि उतरतं. खिळे आणि डिंक टाळून खाचेत खाच बसणारे सांधे केलेत तर ते सपाट घडी होऊन एका चादरीत गुंडाळून ठेवता येतं. थर्माकोलची जागा असं मखर घेत असेल तर तेवढ्यासाठीही ही मेहनत करण्यासारखी आहे.

प्लाय घेताना कडेने निरखून बघा. थरांत पोकळी असेल तर नेमकी तिथे जाळीची काडी तुटते.

बेंदराला लाकडी बैल करता येतील काय?

येतील, आणि मुलांना यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते. आपल्याकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला येतो, त्याआधी आठवडाभर पुरतो.

चाळीस मिलिमीटर चौरस ठोकळा घ्या, शिवणीचा किंवा पांगाऱ्याचा. एका बाजूला बैलाचं बाजूने दिसणारं चित्र चिकटवा, लगतच्या बाजूला समोरून दिसणारं. दोन्ही चित्रांची उंची एका पातळीत जुळली पाहिजे. आधी एक बाजू कापा. सुटलेले तुकडे काढून टाकू नका, तसेच जागेवर ठेवून टेपने घट्ट बांधा. मग ठोकळा वळवून दुसरी बाजू कापा. टेप सोडली की बाहेरचे तुकडे गळून पडतात आणि आतून वशिंड, शिंगं, चार पाय असलेला पुरा बैल बाहेर येतो. ठोकळा उंच असल्याने ७ नंबरचं पातं घ्या, वेग मध्यम ठेवा आणि अजिबात ढकलू नका. जाड लाकडात घाई केली की पातं मधोमध फुगतं, मग शिंग एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक येतं.

पावसाळ्यात काम बंद ठेवावं लागतं काय?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. अथणी-कागवाडकडे फारसा फरक पडत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे मात्र जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकडात शिरतो आणि पातळ फळी दोन दिवसांत पन्हाळीसारखी वळते. तिथे कापायचं काम चालू ठेवा, चिकटवायचं आणि पॉलिशचं मागे ढकला. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, सपाट ठेवून वर वजन द्या. पाती घट्ट झाकणाच्या डब्यात तेलाचा हात लावलेल्या फडक्यात ठेवा. मशीनच्या लोखंडी टेबलावर मेणबत्ती घासून कापडाने चोळली की गंज धरत नाही आणि लाकूडही सरकत राहतं.

पॉलिश कोणतं करावं?

मुलांच्या खेळण्यांना लाखेचं पॉलिश. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळायची आणि सुती बोळ्याने पातळ हात द्यायचे. लवकर सुकतं आणि पुरतं सुकल्यावर तोंडात गेलं तरी भीती नाही. दमट दिवशी मात्र ते दुधाळ, पांढरट पडतं. म्हणून घाटाकडच्यांनी दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस निवडावेत. बाहेर लागणाऱ्या पाटीला लाख टिकत नाही, तिथे ऊन-पाऊस सोसणारं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा बाहेरच्या कामाचं वॉर्निश लावा, आणि मागच्या बाजूलाही लावा. लोक मागची बाजू कोरडी सोडतात आणि पाटी वाकली म्हणून लाकडाला दोष देतात.

जाळीत ब्रश पोचत नाही. जवसाचं उकळलेलं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) पसरट ताटात घेऊन अख्खी जाळी त्यात बुडवा, उचलून निथळा, फडक्याने पुसा. ही तेलकट फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा, मगच टाका.

मुलांना शिकवायला सुरक्षित आहे काय?

विजेच्या करवतींमध्ये ही सगळ्यात सौम्य. लाकूड मागे फेकत नाही. पण बोट पात्यासमोर आलं तर कापणारच. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना द्या, त्याआधी हातकरवत. बोटं पात्याच्या रेषेत नकोत, दोन्ही बाजूंना हवीत. हातमोजे घालायचे नाहीत, ते पात्यात ओढले जातात. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधून ठेवा. चष्मा लावा, तुटलेल्या पात्याचा तुकडा उडतो.

भुशाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि खरा धोका तिथेच आहे. स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि नाकाशी वाकून काम करताना थेट छातीत जातो. शिसव आणि सागवानाच्या भुशाने काहींना शिंका, खाज, दम लागतो. एन-९५ मास्क लावा. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा गोंदात दाबून केलेला तक्ता) बंद खोलीत कापू नका, त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं.

गल्लीतलं घर आहे. आवाजाने शेजारी ओरडतील काय?

चांगलं मशीन मिक्सरपेक्षा कमी आवाज करतं. जास्त त्रास कंपनाचा होतो, तो जमिनीतून शेजारच्या भिंतीत जातो. जड लाकडी स्टँडला बोल्टने आवळा, खाली रबराचा तुकडा द्या. मोटार साधारण शंभर वॉटची असते, तेव्हा वीज गेली तर घरचा इन्व्हर्टरही ती चालवतो.

लेझरवर तासाभरात होतं ते हातानं कशाला करायचं?

पन्नास सारख्या किचेन हव्या असतील तर लेझरकडेच जा, मीही तेच सांगेन. पण लेझर कड जाळून कापतो, घरगुती कामात तो बहुतेक एमडीएफ आणि पातळ प्लायपुरताच वापरला जातो, आणि पुढे गाठ आहे की सुंदर रेषा हे त्याला कळत नाही. हातानं कापताना आपण नक्षी चार मिलिमीटर सरकवतो, म्हणजे सागवानाची वळणदार रेषा नेमकी मोराच्या पिसाऱ्यात येते. बाजारात आज एकाच कॉम्प्युटर फाइलवरून कापलेल्या त्याच त्या कमानी घरोघरी दिसतात. आजीच्या हातची रांगोळी, वाड्याच्या चौकटीवरची वेल, आपल्याच मुलाने काढलेला हत्ती हे कुठल्याही फाइलमध्ये नाही. ते कागदावर उतरवून लाकडात आणायला हा छंद आहे.

गोकाक आणि सावंतवाडीच्या खेळण्यांशी याचं काही नातं आहे काय?

तंत्र वेगळं आहे. गोकाकची लाकडी फळं आणि बाहुल्या हत्यारांनी कोरून रंगवतात. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथे लाखेचं रंगकाम बघायला मिळेल. स्क्रोल सॉ सपाट फळीतून आकार काढतो. तरी एकदा दोन्हीकडे जाऊन बघाच. हलकं लाकूड कसं निवडतात, रंगाआधी लाकडाची रंध्रं कशी भरतात, लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला एकही टोक कसं ठेवत नाहीत, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. आणि रिकाम्या हाताने परतू नका, एखादं खेळणं पूर्ण किंमत देऊन घ्या.

बोथट झालेली पाती फेकायची काय?

धार लावता येत नाही, पण फेकू नका. अरुंद जाळीत घासकागद जात नाही, तिथे घासकागदाची बारीक पट्टी जुन्या पात्याला चिकटवून मशीनवर हळू वेगात चालवली की आतल्या कडा गुळगुळीत होतात. तुटलेले तुकडे मात्र एखाद्या जुन्या बाटलीत जमा करून झाकण लावून ठेवा, उघड्या कचऱ्यात गेले तर कचरा उचलणाऱ्यांच्या हातात घुसतात.